ऑफिसच्या इमारतींची मालकी: शिकागोपासून ऐरोलीपर्यंत

ठाण्यात नौपाड्याला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचा वागळे इस्टेटमधला गाळा विकला आणि ताईंच्या वाट्याला बरी रक्कम आली. मुलगी ऐरोलीच्या माइंडस्पेस या आयटी पार्कमध्ये नोकरी करते. ती म्हणते, "आई, आमची इमारत ज्यांच्या मालकीची आहे त्यांची युनिट्स शेअरबाजारात मिळतात. आयटी पार्कमध्ये छोटं ऑफिस घेऊन भाड्याने देण्यापेक्षा ती घे." भावाचं म्हणणं, ही बिल्डर लोकांची नवी स्कीम आहे, लांबच राहा. ताई विचारतात की ऑफिसच्या इमारतींत पैसे गुंतवणाऱ्या या कंपन्या आल्या कुठून, त्यांचं आजवर काय झालं आणि आपण कुणाचं ऐकावं?

ताई, ठाणे-बेलापूर पट्ट्यात ऑफिसच्या जागा भाड्याने लावून देण्याच्या कामात माझी उमर गेली. कधी मालकाच्या बाजूने बसलो, कधी जागा शोधणाऱ्या कंपनीच्या. तुम्ही सल्ल्याबरोबर इतिहासही विचारलात हे फार चांगलं केलंत. या धंद्यातला जवळपास प्रत्येक नियम कुणीतरी बुडाल्यानंतर लिहिला गेला आहे. कोण, कसं बुडालं ते कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

एक गोष्ट आधीच सांगतो. ऑफिसची इमारत विकत घेणारी कंपनी खरं तर इमारत घेत नसते. ती भाडेकरार घेते, आणि ते घेण्यासाठी कर्ज काढते. करार किती वर्षांचे आहेत आणि कर्ज कधी फेडायचं आहे, या दोन तारखा जुळल्या तर कंपनी तरते. बाहेरची काच, लॉबीतलं ग्रॅनाइट, कॅफेटेरिया हे सगळं नंतरचं.

आता इतिहास. अमेरिकेत १९६० साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्या सहीने एक कायदा झाला. त्यामागचा विचार सरळ होता. मोठी इमारत विकत घेणं एकट्या दुकट्याच्या आवाक्यात नाही, पण हजारो माणसांनी मिळून घ्यायला काय हरकत आहे? अशा ट्रस्टने आपल्या उत्पन्नाचा बहुतांश भाग दरवर्षी वाटून टाकायचा, बदल्यात ट्रस्टला त्या उत्पन्नावर कर नाही. कर भरायचा तो ज्याच्या हातात पैसे पडले त्याने. रिअल इस्टेट इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट, ज्याला बाजारात सगळे रीट म्हणतात, त्याचा हा सांगाडा. शेअरसारखा त्याचा जो छोटा हिस्सा विकत मिळतो तेच तुमची मुलगी म्हणते ते युनिट. आपल्याकडे सेबीने, म्हणजे शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, पुढे जे नियम केले त्यांचाही पाया हाच.

कायदा झाला म्हणून लगेच मोठ्या कंपन्या उभ्या राहिल्या नाहीत. ऑफिस इमारतींची खरी मोठी कंपनी उभी राहिली ती शिकागोच्या सॅम झेल यांच्या हातून. त्यांची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण या धंद्यात जे जे घडू शकतं ते जवळपास सगळं तिच्यात आहे.

झेल यांचे आईवडील पोलंडमधले ज्यू. दुसरं महायुद्ध पेटायच्या तोंडावर ते तिथून निसटले आणि अमेरिकेत पोहोचले. मुलगा कॉलेजात असतानाच विद्यार्थ्यांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांचा कारभार बघू लागला. पुढे इक्विटी ऑफिस या नावाने गाजलेल्या कंपनीची मुळं १९७६ पर्यंत मागे जातात. दुसऱ्याच्या अडचणीत सापडलेल्या मालमत्ता स्वस्तात उचलायच्या ही त्यांची पद्धत होती. त्यावरून त्यांना थडग्यांवर नाचणारा असं नाव पडलं, आणि ते त्यांनी आनंदाने मिरवलं.

अडचणीतल्या मालमत्ता इतक्या आल्या कुठून? १९८१ च्या करकायद्याने अमेरिकेत इमारतींवर भरमसाट घसारा, म्हणजे इमारत जुनी होते म्हणून करात मिळणारी वजावट, मिळू लागला. मग भाडेकरू मिळो न मिळो, केवळ कर वाचवण्यासाठी टॉवर उभे राहू लागले. बचतसंस्थांनी हात सैल सोडून कर्जं दिली. १९८६ मध्ये ती सवलत काढून घेतली गेली आणि काही वर्षांत शहरोशहरी रिकाम्या ऑफिसांचे टॉवर कर्ज देणाऱ्यांच्या गळ्यात पडले. झेल यांनी मेरिल लिंच या वित्तकंपनीच्या साथीने मोठे फंड उभारले आणि हे टॉवर बांधकामाच्या खर्चापेक्षाही कमी भावात घ्यायला सुरुवात केली. त्यांचा हिशोब असा की नवी इमारत बांधायला जेवढा खर्च येतो त्याहून खूप स्वस्तात जुनी मिळत असेल तर शेजारी कुणी नवी बांधून आपल्याशी स्पर्धा करू शकत नाही. हा हिशोब मी आजही प्रत्येक व्यवहारात आधी मांडतो, आणि तुम्हीही मांडा.

१९९७ मध्ये हे सगळे फंड एकत्र करून इक्विटी ऑफिस न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदवली गेली. त्यानंतर खरेदीचा सपाटाच लागला. त्याच वर्षी बीकन, २००० मध्ये कॉर्नरस्टोन, २००१ मध्ये स्पीकर. ऑक्टोबर २००१ मध्ये एस अँड पी ५०० या अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांच्या शेअर निर्देशांकात जागा मिळवणारी ही पहिली रीट ठरली. देशातली सर्वांत मोठी ऑफिसमालक कंपनी, शेकडो इमारती, दहा कोटी चौरस फुटांहून जास्त जागा.

पण स्पीकरचा सौदा बघा. सात अब्ज डॉलरहून मोठा व्यवहार, इमारती मुख्यतः कॅलिफोर्नियात, सिलिकॉन व्हॅलीच्या आसपास. आणि वेळ कोणती, तर डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांच्या तेजीचा, फुगा नुकताच फुटला होता. जुने करार जसजसे संपत गेले तसतशी नवी भाडी खाली येत गेली, आणि पुढे कंपनीला लाभांशालाही कात्री लावावी लागली. इमारती त्याच, भिंती त्याच, जागाही मोक्याच्या. बदललं ते भाडेकरूंचं नशीब. एकाच धंद्यातल्या भाडेकरूंवर उभी असलेली ऑफिस-कंपनी त्या धंद्याबरोबरच वर जाते आणि त्याच्याबरोबरच खाली येते. आपल्या ऐरोली-घणसोली पट्ट्यातले भाडेकरू कोण आहेत ते डोळ्यांसमोर आणा, म्हणजे हे मी का सांगतो आहे ते लक्षात येईल.

शेवटचा अंक २००६ च्या नोव्हेंबरात सुरू झाला. ब्लॅकस्टोन या गुंतवणूक कंपनीने शेअरमागे ४८.५० डॉलर देऊ केले. मग न्यूयॉर्कच्या व्होर्नाडोने चढी बोली लावली आणि भाव वाढत वाढत ५५.५० डॉलरपर्यंत गेला. व्होर्नाडोचा शेवटचा आकडा त्याहून किंचित जास्त होता, पण त्यातला बराच भाग शेअरच्या रूपात मिळणार होता. ब्लॅकस्टोनचे पैसे रोख होते. झेल यांनी रोख घेतले. फेब्रुवारी २००७ मध्ये व्यवहार पुरा झाला, डोक्यावरच्या कर्जासकट ३९ अब्ज डॉलरचा. तेजीच्या शिखरावर, सगळे खरेदीला धावत असताना, एवढा मोठा डोलारा रोखीत विकून मोकळं होण्याचं दुसरं उदाहरण या धंद्यात सापडणं कठीण.

ब्लॅकस्टोननेही सगळं जवळ ठेवलं नाही. ताबा मिळताच निम्म्याहून अधिक किमतीच्या इमारती त्यांनी हातोहात दुसऱ्यांना विकल्या. त्यातल्या मॅनहॅटनमधल्या सात इमारती हॅरी मॅक्लो या विकासकाने सुमारे सात अब्ज डॉलरना घेतल्या. स्वतःचे पैसे घातले जेमतेम पाच कोटी डॉलर. बाकी सगळं कर्ज, आणि तेही वर्षभरात फेडायचं. तारणाला आपला सगळ्यात मौल्यवान जनरल मोटर्स टॉवरही अडकवला. कर्जाची मुदत आली फेब्रुवारी २००८ मध्ये, म्हणजे पतबाजार गोठलेला असताना. नवं कर्ज मिळेना. सातही इमारती गेल्या आणि जनरल मोटर्स टॉवरही विकावा लागला.

त्या सात इमारतींत भाडेकरू होते आणि भाडंही येत होतं. इमारतींमध्ये काही खोट नव्हती. भाडेकरार कित्येक वर्षांचे आणि कर्ज एका वर्षाचं, हे गणितच जुळणारं नव्हतं. मघाशी ज्या दोन तारखांबद्दल बोललो त्या याच.

आता आपल्या गावात येऊ.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी संस्थेची स्थापना १९७० ची. त्याआधीच एमआयडीसीने ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने कारखान्यांचा पट्टा वसवला होता, रसायनं, औषधं आणि इंजिनीअरिंगचा. नव्या शहराने मुंबईतली ऑफिसं खाडीपलीकडे ओढून आणावीत ही कल्पना होती, म्हणून बेलापूरला सीबीडी, म्हणजे सेंट्रल बिझनेस डिस्ट्रिक्ट, हे नाव मिळालं. पण लोकलशिवाय ऑफिसं येत नाहीत. मानखुर्दहून वाशीला गाडी आली १९९२ मध्ये. ठाणे-वाशी मार्गावर लोकल धावू लागली २००४ मध्ये, आणि मग डोंबिवली-कल्याणचा इंजिनीअर ऐरोली, रबाळे, घणसोलीला सहज उतरू लागला. माझ्या मते या पट्ट्यातल्या ऑफिसांसाठी इतकी मोठी घटना दुसरी नाही. कंपन्या जागा शोधायला आल्या की भाव नंतर विचारतात, आधी विचारतात की माणसं कुठून येणार.

त्या सुमारास वाशी, बेलापूर आणि ठाण्यात ऑफिसची इमारत म्हणजे काय होतं? बिल्डर इमारत बांधायचा आणि गाळेगाळे करून विकायचा. डॉक्टर, सीए, व्यापारी, निवृत्त अधिकारी असे एका इमारतीत पन्नास-साठ मालक. छोट्या भाडेकरूंना हे चालून जातं. पण एखाद्या मोठ्या कंपनीला एकसंध साठ हजार चौरस फूट हवे असले की पंचाईत होते. मी असे व्यवहार मोडताना पाहिले आहेत. एका मजल्याचे सगळे मालक भाड्याला तयार होतात आणि एकाचा हट्ट असतो की माझा कोपरा मोक्याचा, मला चौरस फुटाला पाच रुपये जास्त हवेत. दुसऱ्याच्या गाळ्यावर बँकेचा बोजा असतो. तिसरा दुबईत असतो आणि मुखत्यारपत्र वेळेवर येत नाही. जनरेटर बदलायचा तर सोसायटीची सभा, लिफ्ट बदलायची तर पुन्हा सभा. तोवर कंपनीची माणसं एकाच मालकाच्या कॅम्पसमध्ये जाऊन सही करून मोकळी होतात.

एकाच मालकाचे हे कॅम्पस आले कसे? बंद पडलेल्या किंवा स्थलांतर झालेल्या कारखान्यांच्या मोठ्या जमिनी याच पट्ट्यात होत्या. राज्याच्या आयटी धोरणाने आयटी पार्कना जादा चटईक्षेत्र, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधकामाची मुभा, दिलं. २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्याने त्यातल्या कंपन्यांना आयकरात सूट दिली. के. रहेजा समूहाचे ऐरोली पूर्व आणि ऐरोली पश्चिम हे दोन माइंडस्पेस त्या काळातले, प्रत्येकी पन्नास एकरांच्या आसपास. तुमची लेक त्यातल्याच एकात बसते. शंभर एकर जमीन एका हाती असली की जनरेटर बदलायला सभा भरवावी लागत नाही.

पण अशा कॅम्पसमध्ये पैसा अडकतो, आणि कर्जाचे हप्ते थांबत नाहीत. मालकांना भरलेल्या इमारती विकून पैसा मोकळा करायचा होता आणि सामान्य माणसाला त्यात शिरायला वाट नव्हती, कारण भारतात कायदाच नव्हता. सिंगापूरच्या बाजारात मात्र असेंडास इंडिया ट्रस्ट २००७ मध्ये नोंदवला गेला. इमारती बंगळूर-चेन्नईच्या, भाडं इथलं, आणि युनिट घेणार सिंगापूरकर! आज तो कॅपिटालँड इंडिया ट्रस्ट या नावाने ओळखला जातो आणि आपल्या घणसोलीतही त्याची इमारत आहे.

सेबीने पहिला मसुदा २००८ मध्ये काढला. मग मंदी आली आणि तो बाजूला पडला. २०१३ मध्ये दुसरा मसुदा आला, २०१४ मध्ये नियम झाले. तरीही चार-साडेचार वर्षं एकही रीट आली नाही. अडथळा कराचा होता. इमारत असलेली कंपनी ट्रस्टला लाभांश देणार, त्यावर लाभांश वितरण कर बसणार, मग युनिटवाल्याच्या हातात उरणार काय? २०१६ च्या अर्थसंकल्पात तो रीटपुरता काढला गेला. एप्रिल २०१९ मध्ये एम्बसी ऑफिस पार्क्स ही देशातली पहिली रीट बाजारात आली, ३०० रुपयांना एक युनिट. तिच्यामागे बंगळूरच्या एम्बसी समूहाबरोबर होती ब्लॅकस्टोन, इक्विटी ऑफिस घेणारी तीच. माइंडस्पेसमध्येही रहेजांबरोबर त्यांची भागीदारी होती. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये एम्बसीतला सगळा हिस्सा विकून ते बाहेर पडले. म्हणून भावाला मी म्हणेन की हे निव्वळ बिल्डरांचं डोकं नाही. त्यांच्यामागे जगभर ऑफिसं घेणारा आणि वेळ आली की विकून निघून जाणारा पैसा आहे. तो निघाला म्हणून इमारत पडत नाही. पण तो कधी येतो आणि कधी जातो, यावर नजर जरूर ठेवा.

माइंडस्पेस बिझनेस पार्क्स रीट आली ऑगस्ट २०२० मध्ये, २७५ रुपयांना. कोविडमुळे ऐरोलीचे तेच मजले तेव्हा ओस पडले होते. लोक मला विचारत की रिकाम्या ऑफिसांचे पैसे कोण देणार? भाडं मात्र जवळजवळ सगळं वसूल होत राहिलं, कारण माणसं घरी बसली तरी करार चालू होते. काच नव्हे, कागद भाडं देतो. पुढे २०२१ मध्ये कॅनडाच्या ब्रुकफील्ड कंपनीची रीट आली, २०२३ मध्ये मॉल असलेली नेक्सस आणि २०२५ मध्ये ब्लॅकस्टोन व सत्त्व यांची नॉलेज रिअल्टी ट्रस्ट.

सेबीचे नियम आता मॅक्लोची गोष्ट डोक्यात ठेवून वाचा. मालमत्तेच्या किमान ८० टक्के किंमत पूर्ण झालेल्या आणि भाडं देणाऱ्या इमारतींत हवी. म्हणजे बांधकामाच्या भरवशावर तुमचे पैसे उचलता येत नाहीत. वाटण्याजोग्या रोकडीतले किमान ९० टक्के दर सहा महिन्यांच्या आत वाटायचे. कर्ज मालमत्तेच्या ४९ टक्क्यांवर नेता येत नाही, आणि २५ टक्के ओलांडायचे तर पतमानांकन आणि युनिटधारकांची मंजुरी लागते. मालमत्तेचं मूल्यांकन स्वतंत्र मूल्यांककाकडून व्हायला हवं. प्रवर्तकाने आपलीच दुसरी इमारत रीटच्या गळ्यात मारू नये म्हणून अशा खरेदीला दोन मूल्यांकनं लागतात. हे नियम चांगले आहेत, मी ते मनापासून मानतो. पण ९० टक्के वाटून टाकायचे म्हटल्यावर हाताशी फार उरत नाही. नवी इमारत घ्यायची तर नवं कर्ज किंवा नवी युनिट्स लागतात. म्हणून कर्जाचा कागद वाचणं कधीच सुटत नाही.

आपल्या पट्ट्याला प्रत्यक्ष बसलेला चटका वेगळाच होता. विशेष आर्थिक क्षेत्रात नव्याने येणाऱ्या कंपन्यांची आयकरातली सूट मार्च २०२० नंतर संपली. सूट गेली तशी त्या मजल्यांची ओढही गेली, आणि नियम असा की तिथे बाहेरच्या कंपनीला बसवता येत नाही. इमारत उत्तम, स्टेशन जवळ, आणि मजला रिकामा. डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने एकेक मजला विशेष क्षेत्राच्या बंधनातून मोकळा करायची परवानगी दिली तेव्हा कुठे हे कुलूप उघडायला लागलं. दरम्यान ऐरोली पश्चिमेच्या जमिनीवर ऑफिसऐवजी डेटा सेंटर उभी राहिली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यानंतर ऑफिस आणि ऑफिसनंतर सर्व्हर असे तीन भाडेकरू एका माणसाच्या हयातीत बघायला मिळतात. ज्या मालकाकडे मोठी जमीन आणि परवानग्या मिळवायची ताकद आहे तो असा बदल पचवतो. एका गाळ्याच्या मालकाला ते जमत नाही.

युनिटचा भाव मात्र नेहमी वरच जातो असं समजू नका. २०२३ च्या उन्हाळ्यात एम्बसीचं युनिट पुन्हा ३०० रुपयांच्या आसपास आलं होतं, म्हणजे चार वर्षांनी जिथल्या तिथे. मधल्या काळात वाटप मिळालं, पण भाव वाढला नाही. व्याजदर वाढले की ठेवीवर जास्त मिळतं आणि युनिटचा भाव खाली सरकतो. आणि मोठ्या नावांनाही धक्के बसतात. २०२३ मध्ये ब्रुकफील्डच्या एका फंडाने लॉस एंजेलिसच्या दोन टॉवरांची कर्जं थकवली. ब्लॅकस्टोनने न्यूयॉर्कमधली १७४० ब्रॉडवे ही इमारत ६० कोटी डॉलरना घेतली होती. ती २०२४ मध्ये वीस कोटींच्याही आत विकली गेली. एकाच मोठ्या भाडेकरूवर ती बरीचशी अवलंबून होती आणि तो निघून गेला.

आता तुमच्या ऑफिसचं गणित. आकडे समजा म्हणून घेतो, तुम्हाला मिळणारे घालून पुन्हा करा. १,००० चौरस फुटांचा गाळा १ कोटी १० लाखांना. मुद्रांकशुल्क ७ टक्क्यांच्या हिशोबाने ७ लाख ७० हजार. एकूण १ कोटी १७ लाख ७० हजार. भाडं चौरस फुटाला ६५ रुपये, म्हणजे महिन्याला ६५ हजार. एजंट तुम्हाला सांगेल की वर्षाला ७ लाख ८० हजार येतात. पण तीन वर्षांत चार महिने गाळा रिकामा राहणं ही अगदी सामान्य गोष्ट. मग भाडं मिळालं ३२ महिन्यांचं, २० लाख ८० हजार. त्यातून एका महिन्याची दलाली ६५ हजार, रिकाम्या महिन्यांचा मेंटेनन्स ४८ हजार, तीन वर्षांचा मालमत्ता कर १ लाख ८० हजार वजा करा. उरले १७ लाख ८७ हजार, वर्षाला सुमारे ५ लाख ९६ हजार. परतावा पाच टक्क्यांच्या जरासा वर, आयकर अजून बाकी. जागा एमआयडीसीची असेल तर ती ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याची असते. त्यातली किती वर्षं उरली आणि पुढे विकताना हस्तांतरण शुल्क किती, हे लेखी विचारा. सिडकोच्या जमिनीलाही बहुधा भाडेपट्टाच असतो. तोंडी "फ्रीहोल्डसारखंच आहे हो" म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

करारातलं आणखी एक समजून घ्या. आपल्याकडे ऑफिसचा करार पाच किंवा नऊ वर्षांचा दिसला तरी भाडेकरू बहुधा पहिली तीनच वर्षं बांधलेला असतो. त्यानंतर नोटीस देऊन निघायचा हक्क त्याचा, तुमचा नाही. त्यामुळे कुणी "नऊ वर्षं निश्चिंत" म्हणालं तर लॉक-इनचं कलम उघडून दाखवायला सांगा.

रीटचं वाटप आपल्याकडे साधारण पाच ते सात टक्क्यांच्या पट्ट्यात राहिलं आहे. म्हणजे हातात येणारी रक्कम तुमच्या गाळ्यापेक्षा फार वेगळी नाही. फरक असा की दोनशे भाडेकरूंतला एक निघाला तर तुमचं उत्पन्न थांबत नाही, आणि पैशाची गरज पडली तर दहा युनिट विकता येतात, गाळ्याचा कोपरा विकता येत नाही. २०२१ पासून एक युनिटही घेता येतं. सुरुवातीला अर्जच दोन लाखांचा करावा लागायचा.

वाटप हातात आलं की त्याची फोड जरूर बघा. काही भाग लाभांश असतो, काही व्याज, आणि काही भाग रीटने आपल्या खालच्या कंपन्यांना दिलेल्या कर्जाच्या फेडीच्या नावाने येतो. व्याजावर तुमच्या स्लॅबप्रमाणे कर लागतो. लाभांश करपात्र आहे की नाही हे रीटखालच्या कंपन्यांनी कुठली करपद्धत घेतली आहे त्यावर ठरतं. कर्जफेडीचा हिस्सा त्या वर्षी बहुधा करमुक्त वाटतो, पण तो तुमच्या खरेदीच्या किमतीतून वजा होत जातो आणि विकताना हिशोबात उभा राहतो. त्यामुळे दोन रीटची तुलना करताना केवळ वाटपाचा टक्का बघून निवड करू नका.

तिमाही सादरीकरण उघडलंत तर सुंदर फोटोंची पानं उलटून पुढे जा. पुढच्या तीन-चार वर्षांत दरवर्षी किती टक्के करार संपतात ते पान शोधा. पहिल्या दहा भाडेकरूंकडून किती भाडं येतं आणि ते कुठल्या धंद्यातले आहेत ते बघा. संपणाऱ्या करारांचं भाडं आजच्या बाजारभावापेक्षा कमी आहे की जास्त, ते बघा. कमी असेल तर नूतनीकरणात वाढ मिळेल, जास्त असेल तर २००१ नंतरच्या कॅलिफोर्नियासारखं होईल. शेवटी कर्जाचं पान: किती कर्ज, कुठल्या वर्षी फेडायचं, व्याज स्थिर की बदलतं. ही चार पानं मुलीबरोबर बसून वाचा. ती त्या इमारतीत रोज जाते, कुठला मजला भरला आणि कुठला रिकामा झाला हे तिला सादरीकरण येण्याआधीच कळतं.

माझं मत विचाराल तर मुलगी बरोबर आहे, पण सगळी रक्कम एकाच ठिकाणी नको. तुमच्या घरात मुलीचा पगारही ऐरोलीच्या आयटीवर आणि गुंतवणूकही तिथल्याच आयटीवर, असं होऊ देऊ नका. एकाऐवजी दोन-तीन रीटमध्ये थोडं थोडं, वर्षभरात हप्त्याहप्त्याने घ्या. पुढच्या तीन वर्षांत लागणारा पैसा बँकेतच ठेवा. अलीकडे छोट्या रीटही निघाल्या आहेत, त्यात किमान दहा लाख घालावे लागतात आणि बहुतेकदा एक-दोनच इमारती असतात. तुमच्यासाठी त्या नकोत.

एक काम मात्र आधी करा, कारण ते वेळेशी बांधलेलं आहे. गाळा विकून झालेल्या भांडवली नफ्यावर कर आहे, आणि रीटची युनिट्स घेतली म्हणून तो कर वाचत नाही. बरेच लोक इथेच फसतात. ५४ईसी नावाने ओळखले जाणारे, ठरावीक सरकारी कंपन्यांचे रोखे घेऊन ५० लाखांपर्यंतचा नफा वाचवता येतो, पण विक्रीच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत. पैसे पाच वर्षं अडकतात. गाळ्याची जमीन भाडेपट्ट्याची होती का आणि गाळ्यावर पूर्वी घसारा घेतला होता का, यावर हिशोब बदलू शकतो. म्हणून वडिलांचे जुने हिशोब, भाडेपट्ट्याचा कागद आणि विक्रीखत घेऊन याच आठवड्यात सीएकडे जा. भावालाही बरोबर न्या, त्याच्या वाट्यालाही हीच मुदत लागू आहे.